ताप कुणाच्या पंधरवड्यातला?

आमच्या कॉलेजात बी. ए.चे वर्ग निघाले आणि त्यांच्याबरोबर लोकशाही आली. दोन्ही एकदमच आल्यामुळे आम्हाला नेमकं काय सोसलं नाही, हे सांगणं अवघड आहे.

त्याआधी वर्ग इंटरपर्यंतच होते आणि कारभार सुटसुटीत होता. संस्थेचे अध्यक्ष लालासाहेब. नदीकाठी साठ एकर ऊस, गुऱ्हाळं, आणि कॉलेज ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीनही त्यांचीच. ते सकाळी घोडीवरून येत, फाटकाशी थांबत, प्राचार्यांना बाहेर बोलावून घेत आणि घोडीवर बसल्या बसल्या कॉलेज चालवत. त्यांनी तर्कशास्त्र बंद करा म्हटलं की तर्कशास्त्र बंद होई. दुसऱ्या दिवशी प्राचार्य चौगुले हात जोडून गेले की पुन्हा चालू होई. मी तर्कशास्त्राचा प्राध्यापक. माझी नोकरी अशी अधूनमधून जाऊन परत येई, आणि घरी आता कुणी विचारतही नसे.

पदवीची गोष्ट मात्र निराळी. विद्यापीठाने अट घातली की पदवीचे वर्ग चालवायचे असतील तर शैक्षणिक कारभार एकट्या संस्थेच्या हाती नको. संस्थेचं कार्यकारी मंडळ आणि प्राध्यापकांची विद्यासभा, दोघांनी तो मिळून चालवावा. मिळून म्हणजे कसं, हे विद्यापीठाने कळवलं नव्हतं. बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं.

ते ठरवायला मोठ्या वर्गात सभा भरली. आम्ही विद्वान माणसं संध्याकाळपर्यंत बोललो. संस्कृतच्या कुंटेशास्त्रींनी अर्थशास्त्रातले दाखले काढले. मी अधिकारांचं वर्गीकरण करून फळ्यावर लिहिलं, ते कुणी वाचलं नाही. चौगुले मूळचे सांगलीचे, विश्रामबागेत खालच्या आवाजात बोलणाऱ्या लोकांत वाढलेले. ते दर थोड्या वेळाने 'समन्वय' म्हणत आणि घाम पुसत. शेवटी लालासाहेबांनी तंबाखूची चंची बाजूला ठेवली.

"आवं मास्तर, हितं अडलंय काय? पाटाच्या पाण्याला आमी काय करतो? पाळी लावतो. एक पंधरवडा तुमचा, एक आमचा. ज्याचं पाणी त्यानं दारं धरायचं. दुसऱ्यानं बांधावर पाय सुदिक ठेवायचा न्हाई. लय वर्सं झाली, आमच्या पाटावर कुणाचं डोकं फुटल्यालं न्हाई."

कल्पना अडाणीपणाची होती हे सगळ्यांना कळलं होतं, आणि दुसरी कुणाकडेच नव्हती. चौगुल्यांनी ती उचलली आणि विद्यापीठाला कळवताना तिचं नाव ठेवलं 'कालविभागानुसार सहशासन'. उलट टपाली अभिनंदनाचं पत्र आलं.

झालं. एक ते पंधरा तारखेपर्यंत कॉलेज आमचं, पुढे महिनाअखेरपर्यंत मंडळाचं. कुंटेशास्त्रींनी लगेच तक्रार मांडली की एकतीस दिवसांच्या महिन्यात मंडळाला एक दिवस जास्त मिळतो. लालासाहेब म्हणाले, "आन फेब्रुवारीत आमचं दिस जातात, ते कोण देणार?" यावर अभ्यास करायला एक समिती नेमली. ती अजून अभ्यास करते आहे.

स्वातंत्र्याचा पहिला पंधरवडा आम्ही विद्यासभेत खुर्च्या वयाप्रमाणे मांडायच्या की पदवीप्रमाणे, यात घालवला. मंडळाने आपल्या पंधरवड्यात जत्रेची सुट्टी वाढवली, आमच्या पंधरवड्यात आम्ही ती कमी केली. तोवर जत्रा होऊन गेली होती आणि मुलंही तिकडे जाऊन आली होती. इथवर मलाही मजाच वाटत होती. लालासाहेबांची घोडी फाटकाशी दिसेना, माझी नोकरी जागची हलेना, आणखी काय हवं?

मग विजयमालाचा अर्ज आला.

विजयमाला ही सीनियर बी. ए.च्या वर्गातली एकुलती एक मुलगी. मी शिकवत असलेला मुद्दा पुष्कळदा तिला माझ्याआधी कळे, आणि मी घसरलो की ती वहीत मान घाली, म्हणजे मला लाज वाटू नये. तिचे वडील सुभेदार जोतीराम ब्रह्मदेशात लढून आलेले, शब्दाचे पक्के. त्यांनी मुलीशी करार केला होता. बी. ए. होईपर्यंत लग्नाचं नाव काढणार नाही, पण मध्ये एक वर्ष जरी बुडालं तर दिवाळीनंतर बार उडवून मोकळा होणार. लोणंदच्या एका आडत्याचं स्थळ दारात थांबूनच होतं.

त्या श्रावणात तिला विषमज्वर झाला. उठली तेव्हा डोक्यावरचे केस गेले होते आणि टर्मची हजेरी कमी पडली होती. ऑक्टोबर उजाडताच तिने अर्ज दिला. नियम साधा होता. आजारपणाचा दाखला असेल तर कॉलेजने कमी हजेरी माफ करावी आणि महिनाअखेर परीक्षेला बसणाऱ्यांची नावं विद्यापीठाला कळवावीत. दाखला होता. कॉलेजही होतं.

विद्यासभेत अर्ज वाचला गेला. विरोध कुणाचाच नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. कुंटेशास्त्री तर म्हणाले, "मुलगी रत्न आहे." आणि पुढे म्हणाले, "पण प्रश्न अधिकाराचा आहे. अर्ज आपल्या पंधरवड्यात आला, हे खरं. ताप कुणाच्या पंधरवड्यात आला?"

दाखला पुन्हा वाचला. ताप मंडळाच्या पंधरवड्यात चढला होता, आमच्यात वाढला होता, आणि उतरला होता पुन्हा मंडळाच्याच. मंडळाच्या काळातली गैरहजेरी आपण माफ केली तर ते त्यांच्या पाण्यात हात घातल्यासारखं होईल, असं एकाने सुचवलं. आपल्या वाटणीचे दिवस तेवढे माफ करू, असं दुसरा म्हणाला. तिसऱ्याने विचारलं, मधला रविवार कुणाचा?

मी उठून ओरडलो. "ती मुलगी आजारी होती! उसाचं रान नव्हतं ते!" सभेच्या इतिवृत्तात 'तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी भावना व्यक्त केल्या' एवढंच लिहिलं गेलं. मग दिवसांची वाटणी करायला कुंटेशास्त्रींची समिती नेमली, आणि तिने अहवाल आमच्या पुढच्या पंधरवड्यात, म्हणजे नोव्हेंबरात, द्यावा असं ठरलं. मंडळ आणि विद्यासभा यांची एकत्र सभा बोलवा, असं मी सुचवून पाहिलं. ती कुणाच्या पंधरवड्यात धरायची, यावर एकमत झालं नाही.

सोळा तारखेला मी सुभेदारांना घेऊन लालासाहेबांच्या गुऱ्हाळावर गेलो. रस आला, गरम गूळ आला. सुभेदारांनी गुळाला हात लावला नाही. म्हणाले, "लालासाब, पोरीची टर्म तेवढी द्या. मी शब्द दिऊन बसलोय, मला माघारी फिरता येत न्हाई."

"सुभेदार, पोरगी माजीच हाय की," लालासाहेब म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. "पर मास्तरांनी समिती नेमलीया. तिचा निकाल लागस्तवर मी मधी पडलो तर काय म्हणतील? मीच म्हणलं व्हतं, दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवायचा न्हाई. मीच शब्द मोडू व्हय?"

मला संताप आला. दोन वर्षांपूर्वी याच माणसाने घोडीवरून न उतरता "दिऊन टाका" म्हटलं असतं आणि काम झालं असतं. जन्मभर हुकूम सोडलेला माणूस, आणि नियमाने वागायला त्याला नेमका हाच महिना सापडला होता. मी त्यांना तसं तोंडावर म्हणालोही. ते रागावले नाहीत.

"मास्तर, तवा मी एकटाच व्हतो. तुमालाच नगं व्हतं न्हवं ते?"

सुभेदार उठले, सलाम केल्यासारखा हात वर नेला आणि चालू लागले. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. पण इथे दोन्ही घरांत चुली पेटल्या होत्या आणि दोन्हीकडची माणसं आग्रहाने 'तिकडे जेवा' म्हणत होती.

महिनाअखेर यादी गेली, विजयमालाचं नाव गेलं नाही. नोव्हेंबरात आमच्या समितीने अहवाल दिला. तापाचे जास्त दिवस आमच्याच वाट्याचे निघाले, म्हणजे अधिकार आमचाच होता. आम्ही हजेरी एकमताने माफ केली. मुदत गेल्याचं चौगुल्यांनी लक्षात आणून दिलं, तेव्हा खेदाचा ठरावही एकमताने केला. सोळा तारखेनंतर मंडळानेही तसाच ठराव केला. थोड्याच दिवसांत विद्यापीठाची तपासणी मंडळी आली. दोन्ही बाजूंचे कागद चाळून त्यांनी शेरा दिला की इतक्या कारभारात एकदाही मतभेद आढळला नाही. बी. ए.च्या वर्गांना कायमची मान्यता मिळाली आणि पेढे वाटले गेले.

मार्गशीर्षात लग्न झालं. आडत्याची माणसं चांगली होती, मुलगाही मॅट्रिक झालेला होता, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. बोलावणं मंडळाला होतं आणि विद्यासभेलाही. सुभेदारांनी आम्हाला मानाने एकाच पंगतीत बसवलं, आणि ज्या एकत्र सभेसाठी मी घसा फोडला होता ती अशी मांडवात भरली. लालासाहेबांनी मुलीला भारी इरकली लुगडं दिलं. चौगुले मला हळूच म्हणाले, "पहिल्या वर्गात आली असती हो."

पानं वाढेपर्यंत विजयमाला नवऱ्याबरोबर पाया पडत आमच्याकडे आली. केस नुकते वाढू लागले होते, ते पदराखाली झाकलेले. माझ्या पाया पडून ती उठली, पण पुढे गेली नाही.

"सर, तुम्ही मला नापास केलं असतं तरी चाललं असतं," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण पंगतीला ऐकू गेला. "नापास करणारा कुणीतरी असतो. त्याच्याशी मी भांडले असते. आता मी कुणाशी भांडू, एवढं सांगा."

माझ्या एका बाजूला लालासाहेब होते, दुसऱ्या बाजूला चौगुले, पलीकडे कुंटेशास्त्री. मग सासू हाक मारायला लागली, तशी ती गेली.

वाढपी जिलबीचं ताट घेऊन आला. नको कुणीच म्हटलं नाही.