गोळ्यांचा काला

मारोतरावांच्या क्वार्टरात देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला वीणा टांगलेली होती. वडिलांची. भंडाऱ्याकडचं गाव सोडून मारोतराव भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला आले, तेव्हा पेटी-बिछाना त्यांनी रेल्वेच्या डब्यात कुठंही कोंबला, पण वीणा तेवढी दुर्गपर्यंत मांडीवर आणली. गावच्या हरिनाम सप्त्यात पहाटेचा पहारा त्यांच्या घराकडं असे. सात दिवस नामाचा गजर थांबत नाही आणि तेवढे दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, पट्टा मानेत अडकवतो, डाव्या हातानं दांडा खांद्याशी उभा धरतो, उजव्या बोटानं तार छेडतो आणि आपली वेळ सरेपर्यंत तसाच उभा राहतो. बाहेर दंव, आत समईचा उजेड, आणि गालाला टेकलेल्या लाकडातून नाम अंगात उतरत जायचं. ज्यानं एकदा तो पहारा दिला, त्याला पुढं जन्मभर डाव्या खांद्याशी काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं.

मारोतरावांचा तर खांदाच गेला होता.

ते स्टोअरमध्ये क्लार्क. पण कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत क्लार्क कोण आणि ओझी उचलणारा खलाशी कोण, हे पाहायला वेळ कोणाला होता? वॅगनी भरून लाकडी खोकी यायची, रशियन अक्षरांची, आणि मोजायला गेलेला माणूस उचलायलाही लागायचा. वर्षानुवर्षं तसं करता करता डाव्या खांद्यातली गादी झिजली. हाडावर हाड घासायला लागलं. हात छातीच्या वर जाईना. सदरा घालायचा तर बायकोनं, सुशीलाबाईंनी, आधी डावी बाही चढवायची, जशी लेकराला घालतात तशी. वीणेकडे ते रोज पाहत, उदबत्ती ओवाळत, पण खुंटीवरून काढत नसत.

अशात इस्पितळात एक नव्या डॉक्टरबाई आल्या. नागपूरच्या. वयानं तरुण, बोलायला मऊ आणि कामाला कडक. सांध्यांच्या दुखण्यावर एक नवी गोळी निघाली होती, ती खांद्याला खरंच लागू पडते की नाही, हे त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी त्यांनी खांदे गेलेली माणसं निवडली, आणि त्यांतली मराठी मंडळी एका बाकावर बसायला लागली. त्यांत मारोतराव, कोक ओव्हनच्या भट्टीकडचा खलाशी रामाजी, आणि बांधकामावर डोक्यावरून गिट्टीच्या टोपल्या वाहिलेल्या पंचफुलाबाई.

डॉक्टरबाईंनी सगळं उघडपणे सांगितलं. काहींच्या पुडीत औषधाची गोळी असेल, काहींच्या पुडीत नुसती पिठाची. दिसायला सारख्याच. कोणाला कोणती गेली हे त्यांनाही माहीत नव्हतं. ती यादी दूर दुसऱ्यांच्या हाती होती. असं केलं नाही तर माणूस औषधानं बरा झाला की आशेनं, हे कळत नाही, असं त्या म्हणाल्या. पुड्या अदलाबदल करायच्या नाहीत, तेल चोळायचं नाही, मांत्रिकाकडं जायचं नाही.

"म्हणजे बाई," रामाजी म्हणाला, "पत्रावळी झाकून वाढणार. कोणाले लाडू, कोणाले गोटा."

बाई हसल्या. म्हणाल्या, तसंच समजा.

पहिल्याच खेपेला त्यांच्यापुढं अडचण उभी राहिली. दुखणं कसं आहे असं विचारलं की सगळे हात जोडून म्हणत, देवाच्या कृपेनं बरं आहे. पंचफुलाबाई देवाला सोडून तेच म्हणत: तुमच्या कृपेनं बरं आहे, बाई. ज्यानं आपल्यासाठी खटपट केली त्याच्या तोंडावर दुखतं म्हणायचं, ही आपल्याकडची रीतच नाही. पाहुणा खारट वरणही गोड मानून जेवतो. बाईंना कळेना, सगळेच बरे तर विव्हळतं कोण? मग त्यांनी तोंडाला विचारणं सोडलं आणि भिंतीला विचारायला सुरुवात केली. दुखऱ्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवरून वर चालवायची. जिथं हात अडला तिथं त्या निळ्या पेन्सिलीनं खूण करायच्या आणि शेजारी नाव लिहायच्या. भिंतीला भीड नसते.

काही आठवड्यांत भिंतीनं सांगायचं ते सांगितलं. मारोतरावांची खूण वर चढत गेली. हनुवटीला आली, मग नाकापर्यंत, मग डोळ्यांपर्यंत. बाकावरच्या इतर मंडळींच्या खुणा मात्र एकीवर एक बसून तिथंच काळ्या-निळ्या झाल्या होत्या.

"माहा हात रोज शाळेत जाते अन् रोज नापास होते," पंचफुलाबाई म्हणायच्या. त्यांना दुसरं काही नको होतं, आपला अंबाडा आपल्या हातानं घालायचा होता. रोज सकाळी लेक कांता घालून द्यायची. कांताचं लग्न ठरलेलं, ती जाणार डोंगरगडला. "मंग मी काय शेजारणीच्या दारी डोकं घेऊन जाऊ?" असं हसत म्हणायच्या आणि पदर ओढून घ्यायच्या.

त्याच दिवसांत वस्तीजवळच्या कोहक्याच्या मैदानात मराठी मंडळींनी सप्ता ठरवला. भिलाईतला पहिलाच. गावाकडून नरहरीबुवा कीर्तनाला यायचे होते. मारोतरावांच्या वडिलांच्या मांडीला मांडी लावून बसलेले. बुवांनी निरोपात एकच मागणं केलं होतं. वीणा मारोतीच्या घरची असावी आणि पहाटेला ती मारोतीच्याच खांद्यावर असावी.

त्या संध्याकाळी मारोतरावांनी खुंटीवरून वीणा काढली. सुशीलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मारोतरावांनी पट्टा गळ्यात घातला, डावा हात हळूहळू वर नेला. कळ आली, थांबले, पुन्हा नेला. बोटं दांड्याला पोचली. खांद्यापाशी लाकूड टेकलं आणि मारोतरावांना वडिलांच्या सदऱ्याचा वास आला. किती वेळ उभे होते कोण जाणे. तव्यावरची भाकरी करपली, आणि सुशीलाबाईंनी तिच्याकडं पाहिलंही नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी सगळ्यांना नव्या पुड्या दिल्या. नेहमीप्रमाणे बाकावरची मंडळी पावर हाउसच्या थांब्यावर उतरून चहाच्या टपरीवर बसली. पंचफुलाबाईंनी कपाला हात घातला आणि हात मध्येच आखडला. कप पडला, चहा लुगड्यावर सांडला. त्या नुसत्या ओल्या पदराकडं पाहत राहिल्या.

रामाजीनं वातावरण हलकं करायला म्हटलं, "सप्ता आहेच आता. या गोळ्यांचाही करा मंग काला. कोणाची शिदोरी गोड, कोणाची आंबट, एका मडक्यात घाला अन् वाटा."

सगळे हसले. मारोतराव हसले नाहीत.

काल्याच्या दिवशी बुवा दरवर्षी जे सांगत ते त्यांना आठवलं. रानात देवानं सगळ्या गड्यांच्या शिदोऱ्या सोडायला लावल्या. कोणी लोणी आणलेलं, कोणी शिळी भाकर. सगळं एकत्र कालवलं, आणि मग ज्याच्या त्याच्या हातावर घास पडला, तो कोणाचा हे कोणालाच सांगता येईना. लहानपणापासून ते ऐकून मारोतरावांच्या डोळ्याला पाणी यायचं. आता शिदोरी त्यांच्या खिशात होती, आणि लोणी तिच्यातच आहे हे भिंतीनं सगळ्या जगाला सांगितलं होतं. न दिली तर कोणी मागणार नव्हतं. कोहक्याचा मांडव उभा राहत होता. बाईंना शब्द दिलेला होता.

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा बाकावर पसरला आणि आपली पुडी त्याच्यावर सोडली.

"मारोतराव, मी मजाक केली जी," रामाजी म्हणाला.

"मी नाही केली. सोड तुई पुडी."

एकेक पुडी सुटली. पांढऱ्या गोळ्या पांढऱ्या गोळ्यांत मिसळल्या. शेवटी पंचफुलाबाई राहिल्या. त्यांच्या घरानं बाबासाहेबांच्या मागं जाऊन जुने देव सोडले होते, आणि तो विषय त्या कोणाला हलक्यानं बोलू देत नसत. मारोतराव जरा अडखळले. म्हणाले, "तुमाले चालत नसंल तर..."

पंचफुलाबाईंनी दुपट्ट्याकडं पाहिलं. "चालते," त्या म्हणाल्या. "याच्यात देव कुठी आहे, भाऊ? आपलं दुखणं आहे याच्यात." आणि त्यांनी आपली पुडी उपडी केली.

मारोतरावांनी मनातल्या मनात नाम घेतलं आणि गोळ्या सगळ्यांना सारख्या वाटून दिल्या.

त्याचं फळ पुढच्या खेपेला भिंतीवर उमटलं. मारोतरावांचा हात हनुवटीच्या खाली आला. रामाजीचा थोडा वर गेला. पंचफुलाबाईंचा तर कानापर्यंत पोचला आणि त्या स्वतःच दचकल्या. डॉक्टरबाई पेन्सिल हातात घेऊन कितीतरी वेळ भिंतीसमोर उभ्या राहिल्या. कोणी काही वेगळं केलं का, असं त्यांनी विचारलं. बाकावर सगळे खाली पाहायला लागले. "बरं आहे" म्हणायची सोय आज नव्हती.

मारोतराव उठले. "बाई, आमी काला केला," ते म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसल्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मारोतराव, ही गोळी खरी आहे हे मला सिद्ध करता आलं असतं, तर ती हजारो खांद्यांपर्यंत गेली असती," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही ती एका बाकाला वाटलीत."

बाईंचं म्हणणं सोळा आणे खरं होतं; त्यांचाही एक काला होता, फार मोठ्या पंगतीचा, आणि तो मडक्यातच नासला होता. मारोतराव एवढंच म्हणाले, "मले समोरचेच दिसले, बाई. चुकलंच."

त्या बाकाची तपासणी तिथंच संपली. आता दुसऱ्या गावी, दुसऱ्या माणसांवर पहिल्यापासून करावी लागेल आणि तोवर इथं नवी गोळी मिळणार नाही, असं बाईंनी सांगितलं. ओलं फडकं घेऊन त्या खुणा पुसायला लागल्या. मारोतरावांनी फडकं त्यांच्या हातून घेतलं. उजव्या हातानं पुसत पुसत ते आपल्या नावापाशी आले. डोळ्यांसमोर ती सगळ्यांत वरची खूण होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. इथवर हात आला होता. मग तीही पुसली.

सप्ता बसला. नरहरीबुवा आले, आवाज थकलेला, पण रामकृष्णहरी म्हणायला लागले की मांडवाच्या ताडपत्र्या फुगाव्यात तसा. मारोतरावांनी त्यांना सगळी हकिगत सांगितली आणि पहारा दुसऱ्या कोणाला द्यावा म्हणून विनवलं. बुवांनी ऐकून घेतलं. म्हणाले, पहारा तुझा आहे. खांदा कोणाचा, ते तू पाहा.

पहाट झाली. आधीच्या पहारेकऱ्यानं वीणा पुढं केली. मारोतराव त्याच्या पाया पडले, पट्टा गळ्यात घेतला आणि सवयीनं डावा हात वर नेला. तो छातीशीच थांबला. वीणा कलली. टाळकऱ्यांचे डोळे तिच्यावर खिळले. ती टेकता कामा नये.

मागून रामाजीनं तिला सावरलं. मारोतरावांनी मान वाकवून पट्टा त्याच्या गळ्यात घातला, आणि खाली वाकून आपल्याहून लहान असलेल्या खलाशाच्या पाया पडले. रामाजी घाबरून म्हणाला, "मले वाजवता नाही येत जी." त्यानं दांडा क्रेनच्या दोरीसारखा आवळून धरला होता.

"तू नुसता उभा राय," मारोतराव म्हणाले. ते त्याच्या अगदी जवळ उभे राहिले आणि आपलं उजवं बोट तारेवर ठेवलं.

तार बोलली. टाळ उचलले गेले. दूर भट्टीतून लोखंड सोडलं असावं. मांडवामागचं आभाळ लाल झालं आणि हळूहळू विझलं. नाम तेच होतं, तार तीच. पण गाल उघडा होता, डाव्या खांद्याशी गार वारा लागत होता, आणि ज्या जागी लाकूड टेकायचं ती जागा मारोतरावांना एखाद्या रिकाम्या पाटासारखी जाणवत होती.

उजाडता उजाडता बाया कामावर निघाल्या. रस्त्यानं जाणाऱ्या पंचफुलाबाई मांडवाबाहेर क्षणभर थांबल्या. आत आल्या नाहीत. मारोतरावांची नजर गेली तशी त्यांनी डोक्यावरचा पदर जरासा मागं सारला. अंबाडा होता, एका बाजूला कललेला, चार केस सुटलेले. कांतानं घातला असता तर असा घातला नसता. त्यांनी एक बोट आपल्या छातीकडं केलं, म्हणजे मीच घातला. मग पदर नीट केला आणि गेल्या.

अंगातलं औषध किती दिवस टिकेल, हे त्यांनाही ठाऊक होतं, मारोतरावांनाही. त्या वळणाआड जाईपर्यंत ते पाहत राहिले. तार मध्येच चुकली. रामाजीनं कोपरानं हळूच ढोसलं. मारोतरावांनी डोळे मिटले आणि बोट पुन्हा तारेवर आणलं.