उशाशी राहिलेले चष्मे

"काका, यादीत चष्मा नाहीये," मदतकेंद्राच्या टेबलामागची मुलगी म्हणाली. तिने यादीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. "पाणी, ब्लँकेट, टॉर्च, साबण, लहान मुलांचं दूध, दोरखंड. चष्मा कुठेच नाही."

"यादी कोणी केली?"

"वरून आलीय."

"करणाऱ्याचा चष्मा त्याच्या नाकावर असणार. म्हणून आठवला नसेल," भिंगकाका म्हणाले.

मुलगी हसली नाही. सकाळपासून ती उभी होती, आणि शाळेच्या त्या हॉलमध्ये जुन्या कपड्यांचा ढीग खिडकीपर्यंत चढला होता. "'इतर'मध्ये ठेवू का?" तिने विचारलं. काकांनी 'इतर'च्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे उंच टाचेचा एकच बूट होता, तारा तुटलेली रॅकेट होती आणि कोणाचा तरी लग्नातला कोट होता. त्यांनी चष्म्यांची दोन्ही खोकी पुन्हा बगलेत मारली आणि ते घरी आले.

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ते तेहेतीस वर्षं काचा घासत होते. गिऱ्हाईक पुढे मालकांशी बोलायचं. मागे चाक फिरवणारा माणूस कोणाला दिसायचा नाही. 'भिंगकाका' हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं, त्यांच्या स्वतःच्या जाड काचांवरून. चष्मा काढला की त्यांना समोरची भिंतसुद्धा फक्त रंगावरून कळायची.

भूकंप पहाटे झाला होता. बातम्यांत लोक अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर उभे दिसत होते. बायको म्हणाली, "बिचाऱ्यांना पायात घालायलासुद्धा वेळ मिळाला नाही." काका मात्र पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघत होते. "चेहरे बघ," ते म्हणाले. "एकाच्याही डोळ्यांवर चष्मा नाही. सगळ्यांचे उशाशी राहिले."

मग आठ दिवस त्यांनी जुने चष्मे गोळा केले. दुकानाच्या खणातले, शेजारपाजारचे. कोणी काडी मोडलेले दिले, कोणी नुसती रिकामी डबी दिली. काकांनी काड्या बसवल्या, स्क्रू घट्ट केले, प्रत्येक काचेचा नंबर यंत्रावर तपासून चिठ्ठी चिकटवली. दोनशे चौदा चष्मे भरले.

"लोकांच्या डोक्यावर छप्पर नाही आणि तुम्ही निघालात चष्मे घेऊन," बायको म्हणाली.

"छप्पर द्यायला मला येत नाही," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही खोक्यांना दोरी बांधून दिली.

एक बस, मग दुसरी, मग ब्लँकेटच्या टेम्पोत मागे बसून काका छावणीवर पोचले. मैदानभर तंबूंच्या रांगा होत्या. भांडारातल्या कारकुनाने खोकं उघडून पाहिलं आणि सांगितलं, "हे वैद्यकीय झालं. दवाखान्याच्या तंबूत द्या." दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "हे काही औषध नाही. भांडारात जमा करा." काका दोनदा गेले, दोनदा आले. तिसऱ्यांदा कारकुनाने परवानगीचं पत्र मागितलं. पत्र देणारा साहेब सकाळीच दुसऱ्या छावणीवर गेला होता.

"म्हणजे मी हे परत घेऊन जायचं?"

"तसं मी म्हटलं नाही," कारकून म्हणाला. "पण इथे ठेवता येणार नाही."

हे सगळं ऐकत एक नर्स दाराशी उभी होती. तिने काकांना बाजूला घेतलं. "पाण्याच्या टँकरमागे एक टेबल रिकामं आहे. दोन तास बसा. कोणी विचारलं तर मी काही म्हटलेलं नाही."

पहिली दहा मिनिटं कोणी फिरकलं नाही. मग एक म्हातारा आला, त्याला एक चष्मा बरोबर बसला. त्याने खिशातली औषधाची बाटली काढून तिच्यावरची चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "च्यायला, ही तर झोपताना घ्यायची होती. मी सकाळी घेतोय." मग रांग लागली. एका बाप्याने गुलाबी फ्रेम परत केली; दिसतं चांगलं, पण लोक हसतील म्हणाला. शेजारच्याने त्याला सांगितलं, "घे रे. हसतील ते तुला दिसतील तरी." त्याने घेतली. दोघांनी काळे चष्मे मागितले आणि नाहीत म्हटल्यावर नाराज होऊन गेले.

शेवटी शेवटी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, हातात निळी बादली. काकांनी एक लावला, दुसरा लावला, खोक्यातला सगळ्यात जोरदार होता तोही लावला.

"त्या समोरच्या तंबूवरचा आकडा वाचा."

"सत्तेचाळीस," बाई लगेच म्हणाल्या.

"बरोबर. दिसतंय ना नीट?"

"छान दिसतंय. फार उपकार झाले तुमचे." त्यांनी चष्मा घडी करून जपून बादलीत ठेवला आणि निघाल्या. काका बघत राहिले. बाई तंबूच्या दोराला हात लावत लावत चालल्या होत्या, आणि सत्तेचाळीस नंबरच्याच तंबूत शिरल्या.

काका उठून मागोमाग गेले. "बाई, खरं सांगा. आकडा दिसला नाही ना?"

बाई जरा ओशाळल्या. "एवढ्या लांबून घेऊन आलात. नाही कसं म्हणायचं? इथे ज्याला त्याला हो म्हणायची सवय लागलीय. काल कोणी लहान मुलांचे तीन स्वेटर दिले, तेही घेतले. आमच्यात मूलबाळ नाही."

काकांनी त्यांना परत टेबलाशी आणलं. नंबरांची बेरीज व्हावी म्हणून दोन चष्मे एकावर एक धरले, मग एक बदलला, मग पुन्हा. उजवा मायनस अकरा, डावा साडेनऊ. आपल्याच तळहातावर त्यांनी ते लिहून घेतलं. दोन्ही चष्मे ते तसेच धरून उभे होते, तेव्हा बाईंनी मान वळवली. तंबूंच्या पलीकडे टेकडीच्या उतारावर गाव होतं, म्हणजे दहा-अकरा दिवसांपूर्वीपर्यंत होतं. बाई बराच वेळ तिकडे बघत राहिल्या. काकांचे हात भरून आले, तरी त्यांनी चष्मे हलू दिले नाहीत.

"एवढं पडलंय होय," बाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं, आमच्याच बाजूचं."

थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच चष्मे खाली केले. "किती दिवसांत होईल?"

"आठ. पोस्टाने पाठवतो. तंबू सत्तेचाळीस."

"काळी फ्रेम असली तर बघा," बाई म्हणाल्या. "नसली तर कोणतीही."

परत आल्यावर काकांनी दुकानात कामाचे तास संपल्यावर त्या काचा घासल्या. एवढ्या नंबराची काच हळूच घ्यावी लागते, मधे पातळ झाली की तडकते. पहिली तडकली. तिच्या जागी दुसरी घेतली, ती नीट झाली. काळ्या फ्रेमला जाड काच बसेना, म्हणून मालकांना विचारून रुंद काठाची काळीच घेतली. सहाव्या दिवशी पार्सल गेलं.

सव्वा महिन्याने ते परत आलं. वर शिक्का होता: छावणी हलवली. निघताना लिहून घेतलेल्या नंबरवर काकांनी नर्सला फोन लावला. ती आता दुसऱ्याच गावी होती, पण तिला ते आठवले. "तंबू चार ठिकाणी विभागले हो. नाव सांगा, मी याद्या बघते."

नाव काकांनी विचारलंच नव्हतं.

"पन्नाशीच्या होत्या," ते म्हणाले. "हातात निळी बादली होती."

पलीकडून नर्स म्हणाली, "काका, तिथे सगळ्यांना निळ्याच बादल्या वाटल्यात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पार्सल दुकानात आणून फोडलं. तयार होऊन पडलेले चष्मे ठेवायचा कप्पा पुढच्या काउंटरखाली होता. काकांनी पावतीच्या वहीतून एक चिठ्ठी फाडली. उजवा अकरा, डावा साडेनऊ, फ्रेम काळी, असं नीट अक्षरात लिहिलं. नावाच्या रेघेवर पेन टेकवलं आणि उचललं.

"हा कोणाचा?" मालकांनी विचारलं.

"एका बाईंचा."

"न्यायला कधी येणारेत?"

काकांनी चष्मा उजेडाकडे धरून दोन्ही काचा पुसल्या, चिठ्ठी काडीला गुंडाळली आणि कप्प्यात पुढच्या रांगेत ठेवला.