धाकटीचा उंच खांब

आई शेजारणींना धाकटीबद्दल सांगते, "मेंदूवर संशोधन करते." मग जरा थांबून, "थोरलीही तिथेच असते."

थोरली तिथे अकरा वर्षं आहे. मेंदूचे स्कॅन काढणारं यंत्र तीच चालवते. धाकटीला येऊन तीन वर्षं झाली. तिच्या दारावर नावाआधी 'डॉक्टर' आहे आणि थोरलीला कामाच्या वेळाही तीच कळवते.

धाकटीचा नवा प्रयोग असा होता: स्कॅनरमध्ये झोपलेल्या माणसाला चेहरे दाखवायचे, काही घरचे, बाकी अनोळखी. चेहरे ओळखणारा मेंदूचा भाग कुणाला किती दाद देतो ते मोजायचं. मग दोन दिवसांनी त्याच जागी डोक्याबाहेरून चुंबकीय ठोके देऊन तो भाग क्षणभर गोंधळवायचा आणि आपलं माणूस ओळखायला उशीर होतो का ते पाहायचं. पहिल्या चाचणीला तिने आईलाच बोलावलं. घरचे चेहरे दोनच, दोघी मुलींचे.

मंगळवारी सकाळी थोरलीने आईचं कानातलं, अंगठी, केसांतल्या पिना काढून घेतल्या.

"दुखेल का गं?"

"नाही. आवाज मोठा येतो, एवढंच. हलू नकोस."

"धाकटी कुठंय?"

"येईल. मी आहे ना."

"तू आहेसच गं. ती कुठंय?"

डोक्यावरच्या आरशातून पडदा नीट दिसतो का, हे पाहायला नेहमी चौकटींची जाळी लावतात. थोरलीने जाळी लावली नाही. चाचणीच्या चेहऱ्यांमधून स्वतःचा फोटो निवडला आणि लावला. आरसा जागेवर बसेना. त्यात सहा मिनिटं गेली आणि तेवढा वेळ आईसमोर तो एकच चेहरा होता. आईने एकदा तरी आधी आपल्याला पाहिलं तर काय बिघडतं, असं थोरलीला वाटलं. मग धाकटी आली आणि चाचणी सुरू झाली.

दुपारी आलेख निघाला. धाकटीच्या चेहऱ्याचा खांब उंच. थोरलीचा, परक्या चेहऱ्यांच्या खांबाहून जेमतेम वर.

"एका माणसावरून काही ठरत नसतं हं, ताई."

"मी काही म्हटलं का?"

"म्हटलं नाहीस, पण तोंड बघ तुझं."

धाकटीने आलेख छापून भिंतीवर लावला. शुक्रवारी ती तो विभागप्रमुखांपुढे ठेवणार होती. थोरली दोन दिवस त्या भिंतीवरून मान फिरवून गेली आणि प्रत्येक वेळी तिने खांब पाहिलाच. लहानपणी नवी सायकल धाकटीला मिळाली होती, थोरलीला चुलत भावाची जुनी. आता त्या फरकाला मोजमाप मिळालं होतं.

गुरुवारी आई खुर्चीत बसली. चुंबकीय ठोके देणारी, इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल तिच्या डोक्यामागे उजवीकडे धरून थोरली उभी राहिली. पडद्यावर जाळी आली.

"ह्या कसल्या चौकटी?" आईने विचारलं.

"पडदा तपासायला," धाकटी म्हणाली. "तिथे चेहरा चालत नाही. एकच चेहरा सारखा समोर राहिला की मेंदूला त्याची सवय होते, मग त्याला दादच देत नाही."

"परवा नव्हत्या."

"नव्हत्या?" धाकटीने थोरलीकडे पाहिलं.

'आई विसरली असेल' एवढं थोरलीने म्हटलं तरी पुरलं असतं. आईच्या विसराळूपणावर घरात कुणीही विश्वास ठेवला असता. उद्या धाकटी खोटा आलेख घेऊन उभी राहिली असती, कधीतरी कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं आणि दारावरचं 'डॉक्टर' जरा वाकडं झालं असतं. थोरलीला ते चित्र आवडलं. पण तेवढे दिवस तिचा खांबही तसाच राहिला असता, परक्यांच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असा.

"मंगळवारचं स्कॅन काढून टाक," ती म्हणाली. "मी माझा फोटो लावला होता. सहा मिनिटं."

"अगं, का पण?"

आई म्हणाली, "मला वाटलं, मशीन बंद पडलं. शेवटी मी डोळेच मिटून घेतले."

धाकटीला हसू आलं, मग राग आला. आठवडा वाया गेला होता आणि विभागप्रमुखांना कारण सांगायचं होतं. तिने कॉइलचा स्विच बंद केला, आलेख भिंतीवरून काढला आणि चुरगाळला. थोरलीने तो केराच्या टोपलीत पडेपर्यंत पाहिला.

पुढच्या मंगळवारी जाळी लावून पुन्हा स्कॅन झालं. दोन्ही खांब उंच आले, परक्यांचा खाली राहिला. धाकटीचा किंचित वर होता.

"एवढ्या फरकाला काही अर्थ नसतो, ताई. खरंच."

"माहीत आहे मला."

धाकटी चहा आणायला गेली. थोरलीने खणातून पट्टी काढली आणि कागदावर धरली. दोन मिलिमीटर.