अल्पशा आजाराने

निवेदनाच्या आदल्या दिवशी आमदारबाईंच्या घरी स्वयंपाकघरातच तालीम चाले. टेबलावर एका बाजूला निवडायची भाजी, दुसऱ्या बाजूला टाइप केलेले कागद, आणि बाई भाजी निवडता निवडता मोठ्याने वाचत. कागदावर मध्येमध्ये लाल पेनाने सूचना असत. ‘इथे थांब.’ ‘इथे हस.’ ‘इथे आवाज खाली.’ अक्षर त्यांच्या यजमानांचं. त्यांना सगळा जिल्हा साहेब म्हणायचा. त्यांच्यावर एक खटला चालू होता, पक्ष त्यांना तिकीट देईना, म्हणून त्यांनी बायकोला उभं केलं. पक्षाने साहेबांना विचारलं, साहेबांनी बायकोला विचारलं नाही, आणि बाई आमदार झाल्या. मागून लोक त्यांना सहीबाई म्हणत. बाईंच्या कानावर ते होतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी बाजाराच्या आवारात हे निवेदन व्हायचं. गावोगावच्या चौकांत कर्णे लावलेले, त्यांतून ते सगळीकडे ऐकू जाई. आधी रस्ते, पाणी, पूल, शाळांची छपरं. तेवढा वेळ लोक खुशाल गप्पा मारत, कारण रस्ता झालेला नाही हे त्यांना चालून माहीत होतं. मग बाई म्हणत, “आता आपल्या परिसरातील घडामोडी,” आणि सगळे चिडीचूप. कोणाला मुलगा झाला, कोण परीक्षेत पहिलं आलं, कोणाचं लग्न ठरलं, कोण गेलं. निवेदनात नाव आलं की चार दिवस माणूस ताठ मानेने चाले.

यात एक मेख होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. जे लग्न निवेदनात वाचलं गेलं, ते मोडत नसे आणि त्याची चौकशीही होत नसे. प्रत्यक्ष आमदारांनी ज्या जोडप्याचं अभिनंदन केलं, त्यातल्या नवरीचा जन्मदाखला मागायची कुठल्या फौजदाराची छाती होती? म्हणून ज्यांच्या मुली अजून शाळेत जात होत्या, तेच बाप साहेबांच्या ओसरीवर सगळ्यांत आधी येऊन बसत. कायदा कागदावर होता, आणि त्याच्यावर पांघरूण घालायचं काम बाईंच्या गोड आवाजाने होत होतं. कोणाला काही वाटत नव्हतं. संताप येतो तो याचाच.

अशाच एका निवेदनाच्या आदल्या सकाळी ओसरीवर एक बाई आली. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं शिवणाचं मशीन होतं, सगळे तिला शिवणवाली म्हणत. गळ्यात मापाची पट्टी तशीच होती, काढायची राहून गेली असावी.

“काय काम काढलंत?” साहेबांनी विचारलं.

“निवेदनात दुरुस्ती करायचीय.”

“नाव चुकलं का?”

“नाव बरोबर होतं. कारण चुकलं. गेल्या महिन्यात तुम्ही सांगितलंत, माझी मुलगी अल्पशा आजाराने गेली. तिला काही आजार नव्हता, साहेब. बाळंतपणात गेली. पंधरा वर्षांची होती.”

ओसरीवरची माणसं एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागली.

“हे बघा,” साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “असलं चारचौघांत बोलायचं नसतं. गेलेल्या जिवाची बदनामी होते.”

“तिची कशी होईल? तिने काय केलंय? मी तिच्या बापाला नको नको म्हणत होते. तो म्हणाला, आता आमदारांनी वाचलंय, मोडलं तर त्यांचा अपमान होईल. म्हणून दिली. आणि भरदुपारी कळा सुरू झाल्या तर तुमच्या आरोग्य केंद्राला कुलूप! पायरीवर बसून होतो आम्ही. तिथेच गेली. आणि त्याच निवेदनात, तिच्या नावाच्या आधी, केंद्र चोवीस तास सुरू आहे असं वाचलंत तुम्ही.”

“बरं, बघतो,” साहेब म्हणाले आणि फाटकावरच्या माणसाला त्यांनी डोळ्याने खुणावलं.

आमदारबाई तोवर दारात येऊन उभ्या होत्या. शिवणवालीने त्यांच्याकडे पाहिलं.

“आवाज तुमचाच होता ना, बाई?”

बाईंनी मान हलवली.

“मग तुम्हालाच सांगून जाते,” असं म्हणून ती उठली. फाटकावरचा माणूस जवळ यायच्या आत ती स्वतःच बाहेर पडली.

आत आल्यावर बाईंनी यजमानांना विचारलं, “अहो, खरं का हे?”

“अगं, सगळ्यांना तेच लिहितात. पिऊन मेला, विहिरीत उडी घेतली, सुनेला जाळली, सगळ्यांना अल्पसा आजार. लोकांनाही तेच हवं असतं. तू वाच, उद्याचं पाठ कर.” एवढं बोलून ते बाहेर गेले.

बाई पुन्हा टेबलाशी बसल्या. त्यांची धाकटी जाऊ शेगडीपाशी होती. तिचा नवरा जाऊन वर्षं झाली होती, तेव्हापासून घराचा सगळा रगाडा तीच उपसत होती. तिची मुलगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नकाशा रंगवत बसली होती. तोंड सतत चालू, म्हणून तिला घरात टकळीच म्हणत. आताही ती नद्यांना निळा रंग देता देता शाळेतल्या बाईंची, मैत्रिणीच्या कुत्र्याची आणि सहलीच्या बसची गोष्ट एकाच दमात सांगत होती.

बाई वाचत होत्या. डोकं शिवणवालीपाशी अडकलेलं, तोंड सवयीने चाललेलं. पूल, पाणी, छपरं झाली. शेवटचं पान आलं.

“कळविण्यास अत्यंत आनंद होतो, की आमच्याच परिवारातील धाकटी सुकन्या हिचा विवाह पुलाचे कंत्राटदार यांच्या थोरल्या चिरंजीवांशी निश्चित झाला असून...”

पुढे लाल अक्षरात लिहिलं होतं, इथे हस. आणि बाई हसल्या. इतक्या वर्षांची सवय, ओठ आपोआप फाकले. मग त्यांना कळलं आपण काय वाचलं ते.

टकळीचा ब्रश थांबला होता.

“मोठी आई, ही धाकटी सुकन्या म्हणजे कोण?”

शेगडीवर दूध उतू गेलं तरी धाकट्या जावेला दिसलं नाही.

“म्हणजे मी?” टकळी म्हणाली. “तू हसलीस का मग?”

त्या पोरीला काय उत्तर द्यायचं? आमदारबाईंना कागदावर लिहिलेलं तेवढंच बोलता येत होतं, आणि याचं उत्तर कागदावर नव्हतं.

जावेने येऊन त्यांचा हात धरला. “मला कोणी विचारलं नाही, ताई. शप्पथ. तो मुलगा तिच्या दुप्पट वयाचा आहे हो. तुम्ही वाचू नका. तुम्ही वाचलंत की झालंच.”

दुपारी जेवणं आटोपल्यावर बाई यजमानांच्या खोलीत गेल्या.

“ती पंधरा वर्षांची आहे.”

“सोळावं लागेलच की,” साहेब वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले. “तू कितीची होतीस? काय वाईट झालं तुझं? आमदार झालीस!”

“मी नाही वाचणार.”

आता त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ते ओरडले नाहीत. ओरडायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. “निवडणूक तोंडावर आलीय. सगळी मदार त्या कंत्राटदारावर आहे आणि त्याला आपल्याशी सोयरीक हवीय. तू नाही वाचलंस तर मी वाचेन. आणि तुझ्या जावेला फार लागलं असेल तर तिने आपल्या भावाकडे जावं. पोरगी इथेच राहील. बापाच्या जागी मी आहे.”

बाई गप्प झाल्या. साहेबांनी ते गप्प बसणं होकारात धरलं. लग्न झाल्यापासून त्यांचा हा हिशेब एकदाही चुकला नव्हता, म्हणून या वेळीही त्यांनी तपासून पाहिलं नाही. गप्प बसून लग्न टळणार नाही, एवढं मात्र बाईंना त्या खोलीत लख्ख कळलं होतं. आपण तोंड मिटलं तर दुसरं कोणी वाचेल. टाळायचं तर तोंड उघडावं लागेल, तेही सगळ्यांसमोर.

रविवारी बाजाराचं आवार गच्च भरलं होतं. पुढच्या रांगेत कंत्राटदार कडक इस्त्रीत, शेजारी फौजदार. व्यासपीठाच्या कडेला, आवाजाच्या यंत्रापाशी साहेब उभे. शिवणवाली मागे कुठेतरी खांबाला टेकून होती. बाईंच्या हातात कागद होते. त्यांनी पूल वाचला, पाणी वाचलं. लोक नेहमीप्रमाणे बोलत होते.

“आरोग्य केंद्र चोवीस तास सेवेत आहे, असं इथे लिहिलंय,” बाई म्हणाल्या. “ते खोटं आहे. केंद्राला कुलूप असतं. मी काल संध्याकाळी जाऊन पाहून आले.”

गप्पा थांबल्या. रस्त्यांच्या भागात असं कधी झालं नव्हतं.

“आता घडामोडी. आधी एक दुरुस्ती. गेल्या महिन्यात बाजारातल्या शिवणवाल्या बाईंची मुलगी अल्पशा आजाराने गेली, असं मी वाचलं होतं. ती आजाराने गेली नाही. पंधराव्या वर्षी बाळंत होताना, कुलूप लावलेल्या दारासमोर गेली. तिचं लग्नही मीच वाचलं होतं. हसून वाचलं होतं.”

साहेब एक पाऊल पुढे आले, पण चारचौघांत काय करावं ते त्यांना सुचेना.

“दुसरी बातमी माझ्या घरची आहे. माझ्या पुतणीचं लग्न या कंत्राटदारांच्या मुलाशी ठरवलंय. ती पंधरा वर्षांची आहे. शाळेत जाते. तिला विचारलं नाही, तिच्या आईला विचारलं नाही. हे लग्न—”

कर्णा खरखरला आणि बंद पडला. साहेबांचा हात बटणावर होता.

गावोगावच्या चौकांत त्या वेळी काय शांतता पसरली असेल! आवारात मात्र बाई थांबल्या नाहीत. कागद टेबलावर ठेवून त्या व्यासपीठाच्या अगदी कडेला आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, “हे लग्न होणार नाही!”

मागून कोणीतरी ओरडलं, “काय म्हणाल्या?”

पुढच्या रांगांतल्या एका म्हातारीने मान वळवली आणि मागच्यांना सांगितलं, “लग्न होणार नाही म्हणतायत.” तिच्या मागच्याने त्याच्या मागच्याला सांगितलं. तसं ते वाक्य रांगारांगांतून पार खांबापर्यंत गेलं.

“अहो, डोक्यावर परिणाम झालाय तिच्या,” साहेब लोकांकडे बघून हसत म्हणाले. “दगदग फार होते. चल, घरी चल.”

बाई पायऱ्या उतरल्या, पण घराच्या दिशेने नाही. त्या फौजदारासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“फौजदारसाहेब, तक्रार लिहून घ्या. अल्पवयीन मुलीचं लग्न ठरवलंय. ठरवणारे माझे यजमान आणि हे कंत्राटदार. आणि आजवर असली लग्नं जाहीर करणारी मी. माझंही नाव घाला.”

फौजदार उठेना. त्याने सवयीने मान वळवून साहेबांकडे पाहिलं, काय करू असं विचारत.

“तिकडे काय बघताय?” बाई म्हणाल्या. “आमदार इकडे आहे.”

तेव्हा कुठे तो उठला. टोपी डोक्यावर ठेवली, वही काढली आणि बाईंच्याच तोंडून लिहून घेऊ लागला. कंत्राटदार मोटारीकडे निघाला. जाताना साहेबांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढच्या वेळी पक्षाने बाईंना तिकीट दिलं नाही, हे सांगायला नकोच. साहेबांनी घराचं दार बंद केलं. बाई, धाकटी आणि टकळी आता बाजाराजवळ दोन खोल्यांत राहतात. तिथे आठवड्यातून कोणी ना कोणी बाई येऊन उंबऱ्यावर बसते आणि हळू आवाजात सांगते, माझ्याही मुलीचं ठरवलंय, माझ्याही बहिणीला अल्पसा आजार झाला होता. बाई चपला घालतात आणि तिच्याबरोबर निघतात. कधी वेळेवर पोचतात, कधी पोचत नाहीत. टकळीची बडबड मध्यंतरी थांबली होती, ती परत सुरू झाली आहे.

शिवणवालीची मुलगी मात्र परत येत नाही. तिच्या लग्नाला अख्खा बाजार जेवायला होता. शिक्षक होते, डॉक्टर होते, फौजदार होता, वर्तमानपत्र वाचणारी शहाणीसुरती माणसं होती. स्वयंपाक छान झाला होता, असं लोक अजून सांगतात. नवरीचं वय काय, हे एकानेही विचारलं नाही. वाचकहो, गेल्या वर्षभरात तुम्हीही चार लग्नांना जेवून आला असाल. तुम्ही विचारलंत?