उत्तरेची वाट मोकळी

लाट : दीड मीटर. दोन लाटांमध्ये सतरा सेकंद.
वारा : सकाळी मतलई, हलका. दुपारनंतर खारा, जोराचा.
पाणी : उधाणाचं.
वाळू : उत्तरेची वाट मोकळी. दक्षिणेला फिरकू नका.

बेल्मीरू तांडेल फळ्याच्या इतका जवळ उभा होता की नाकाला खडू लागला असता. मग त्यानं घसा खाकरला, बाजूला थुंकला आणि मागे कोणी असलंच तर त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाला, "फळकूटवाल्यांची पोथी!"

हा त्याचा रोजचा नेम. लिओनिल्द ही त्याची धर्मलेक. बाप्तिस्म्याला तिला त्यानंच हातावर धरलं होतं. आता ती किनाऱ्यावर फळीवर उभं राहून लाटांवर स्वार व्हायला शिकवायची शाळा चालवत होती आणि शाळेच्या भिंतीवरच्या फळ्यावर रोज पहाटे दिवसाचा अंदाज खडूनं लिहीत होती. दोघांत बोलणं नव्हतं. म्हणून तांडेल तिच्या फळ्यापाशी थुंकतो आणि मगच होडीकडे जातो, हे सगळ्या पाल्येइरूश गावाला ठाऊक होतं. थुंकायला एवढं जवळ कशाला जावं लागतं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. निदान तोंडावर तरी.

कारण बेल्मीरूच्या डोळ्यांत होतं. दोन्हीकडे मोतीबिंदू पिकत आला होता. ऑपरेशन करायचं तर सुकाणू काही दिवस दुसऱ्याच्या हाती द्यायचं, आणि तांडेलाच्या हातून सुटलेलं सुकाणू परत आल्याचं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्याला पाणी दिसत होतं, पण पाण्याचा रंग दिसत नव्हता. आणि या किनाऱ्यावर रंग दिसला नाही की संपलं. इथे ना खाडी, ना धक्का. उघड्या समुद्रासमोर उघडी वाळू. पाण्याखाली वाळूचे दांडे, त्यांच्यावर लाट फुटते. दोन दांड्यांच्या मधे खोल, काळपट पाण्याची वाट असते, तिथूनच रापणीची, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, होडी बाहेर काढायची. ती वाट हिवाळ्यातल्या वादळांनी दरवर्षी हलते. गेल्या वर्षी जिथे होती तिथे या वर्षी कमरेएवढं पाणी.

आज मोसमातली पहिली रापण होती. होडीत त्याच्यासकट सहा माणसं जाणार होती. आणि वाट कुठे आहे हे तांडेलाला दिसत नव्हतं.

वाळू : (म्हणजे फळ्यावरची शेवटची ओळ)

खोटं बोलणं हा या किनाऱ्याचा रिवाज. कुईंब्रा शहरातून कोणी गाडीच्या टपावर फळ्या बांधून आला आणि त्यानं विचारलं, "लाटा कशा आहेत?", तर तिसरीतलं पोरही तोंड वाकडं करून "बेकार" म्हणणार. चांगली लाट परक्याला दाखवणं म्हणजे आपल्या ताटातला मासा शेजाऱ्याच्या मांजराला घालणं.

लिओनिल्द मात्र हुशार होती. लाट, वारा आणि पाणी या तीन ओळी ती खऱ्या लिहायची, कारण ते कोणालाही मोबाइलवर दिसतं. वाळू मोबाइलला दिसत नाही. म्हणून खोटं फक्त शेवटच्या ओळीत. "उत्तर" लिहिलं की दक्षिण समजायचं, "दक्षिण" लिहिलं की उत्तर. बाहेरगावचे बिचारे फोटो काढून घेत आणि नको त्या दांड्यावर जाऊन तोंडात वाळू भरून परत येत.

बेल्मीरूही तो फळा उलटा वाचत आला होता. ती "उत्तर" लिहायची, तो दक्षिणेतून होडी काढायचा. खलाशी म्हणायचे, काय नजर आहे म्हाताऱ्याची!

भांडण : (ही ओळ फळ्यावर नव्हती)

दोन उन्हाळ्यांपूर्वी होडी जाळं टाकून परत येत होती आणि तिच्या शिकाऊ पोरांचा घोळका ऐन वाटेत बसला होता. होडी वळवावी लागली, आडवी झाली, वल्हं मोडलं. किनाऱ्यावर उतरून सगळ्यांसमोर तो तिला म्हणाला होता, "बाप्तिस्म्याला तुझ्याऐवजी वाळूचं पोतं उचललं असतं, तर निदान पुरात उपयोगी पडलं असतं!"

ती काहीच बोलली नव्हती. त्या दिवसापासून कधीच.

घरचा अंदाज : वारा बदलता

आणि गेल्या रविवारी, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या सणाला, ती दारात उभी. हातात ऑलिव्हची डहाळी, तिला बांधलेली जांभळी व्हायोलेटची फुलं. धर्ममुलांनी या दिवशी डहाळी आणायची आणि ईस्टरला धर्मआईबापांनी त्यांना अंडं घातलेला गोड पाव द्यायचा, अशी रीत आहे. मागच्या वर्षी ती रीत मोडली होती.

"धर्मआई, घ्या," लिओनिल्द म्हणाली.

बेल्मीरूच्या बायकोनं, किटेरियानं डहाळी घेतली, पोरीला छातीशी धरलं आणि तिथेच रडली. बेल्मीरू चुलीपाशी बसून राहिला.

"आत्ताच का आली?" ती गेल्यावर त्यानं विचारलं.

"सण आहे म्हणून."

"सण मागच्या वर्षीही होता."

"अरे देवा! पोरगी फुलं घेऊन आली तरी हा माणूस पाकळ्या उलटून बघणार, खाली सुरी आहे का म्हणून!"

सुरी नसेल. पण काहीतरी होतं. बेल्मीरूनं गोष्टी जुळवायला घेतल्या. कार्निव्हल झाल्यापासून फळ्यावरची अक्षरं मोठी झाली होती. आधी बोटभर होती, आता वीतभर. का? टर उडवते की काय? शिवाय त्याच्या होडीच्या मोटरवर बसणारा फिर्मीनू तिच्या शाळेसमोर गप्पा मारताना दोनदा दिसला होता. म्हणजे दिसला नव्हता, त्याचं खोकणं ऐकू आलं होतं. आणि किटेरिया हल्ली कॉफीचा पेला टेबलावर न ठेवता थेट त्याच्या हातात द्यायची. बायको लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर अशी लाडात येत नसते. सगळे मिळून काहीतरी शिजवत होते. आणि जे शिजत होतं त्याचा वास सुकाणूपर्यंत

वारा : अजून मतलई

येत होता. आज, शनिवारी पहाटे, फळ्यासमोर, त्याच्या डोक्यात एकच भुंगा. उलटं वाचायचं की सुलटं?

आजवर प्रश्न नव्हता. वैर होतं, म्हणून खोटं होतं, म्हणून उलटं वाचलं की खरं. पण आता डहाळी आली होती. वैरात माणूस खोटं लिहितो, समेटात खरं. काल रात्री किटेरिया झोपताना म्हणाली होती, "आता तरी तिच्यावर विश्वास ठेव." तिला काय माहीत? किती माहीत? आणि डहाळीच डाव असेल तर? तर... तर फळा पहिल्यासारखाच खोटा. पण आईसमान बाईला रडवून कोणी डाव खेळतं का? लिओनिल्द हट्टी होती, नीच नव्हती.

त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच फळा जसा लिहिला तसा वाचला. उत्तरेची वाट मोकळी.



पाणी : भरत आलेलं

होडी चंद्रकोरीसारखी, टोक आभाळाकडे. मागे ट्रॅक्टर घुरघुरत होता. तांडेलानं हात उत्तरेकडे केला.

"उत्तर?" फिर्मीनू मोटरवरून म्हणाला. "तांडेल, फळ्यावर उत्तर लिहिलंय. म्हणजे दक्षिण, नाही का?"

"तू कधीपासून फळा वाचायला लागलास?"

"वाचत नाही. तुमची थुंकी कुठे पडते ते बघायला जातो."

खलाशी हसले.

"तू मोटर बघ. वाट बघणारा मी आहे."

इथे वाट एकट्या तांडेलानं बघायची. बाकीच्यांनी त्यावर तोंड उघडलं की जाळं रिकामं येतं, असं मानतात. आणि बघून तरी काय दिसणार होतं? समुद्र झोपल्यासारखा सपाट. मतलई वाऱ्यानं पाण्यावर इस्त्री फिरवली होती. उधाणाच्या पाण्याखाली दांडे बुडाले होते आणि उत्तर-दक्षिण सारखंच वाटत होतं. ट्रॅक्टर होडीला ढकलत उत्तरेच्या वाळूवर आला. पहिलं पाणी होडीच्या बुडाला लागलं.

"थांबा!"

काळा रबरी सूट, वर नारिंगी जाकीट, काखेत फळी. लिओनिल्द वाळूवरून धावत आली ती थेट होडीच्या टोकापुढे उभी राहिली. गुडघाभर पाण्यात.

"धर्मबाबा! फळ्यावर काय लिहिलंय?"

"उत्तर."

"मग इथे काय करताय?"

होडीत एवढा मोठा हशा झाला की ट्रॅक्टरवाल्यानं काय झालं ते बघायला इंजिन बंद केलं. बेल्मीरूच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"रविवारी फुलं आणलीस," तो दात आवळून म्हणाला. "मला वाटलं, आता तरी खरं लिहिशील."

"फुलं तुमच्यासाठी होती. फळा कुईंब्रावाल्यांसाठी असतो. त्यांच्याशी मी कधी समेट केला?"

"दक्षिणेला कोण बसलंय? तुझी पोरं? म्हणून मला इकडे हाकलत होतीस आणि आता घाबरलीस?"

"कोणी नाही. आज मी कुणाला पाण्यात उतरू दिलेलं नाही. सतरा सेकंद लिहिलंय, ते वाचलं नाहीत?"

"वाचलं!" तो ओरडला, आणि ओरडल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय कबूल केलं ते.

"थुंकता थुंकता वाचलं असेल," फिर्मीनू होडीच्या मागच्या टोकाकडून पुटपुटला.

सतरा सेकंद म्हणजे लांबचं वादळ. अझोर्स बेटांच्याही पलीकडे कुठेतरी उठलेलं. अशा दिवशी समुद्र पाव पाव तास गप्प राहतो, आणि मग एकामागून एक चार-पाच थोरल्या लाटा येतात. हे बेल्मीरूला तिच्या जन्माआधीपासून माहीत होतं. पण आज डोकं डहाळीत अडकलं होतं. आणि तरीही मनातला भुंगा थांबेना. ही खरं बोलतेय कशावरून? दोन वर्षं खोटं लिहिणारी बाई. होडीला उशीर झाला तर कोणाचा फायदा?

"समुद्र सपाट आहे," तो म्हणाला.

लिओनिल्द होडीच्या कडेला आली. तिचा आवाज इतका खाली आला की इंजिन बंद नसतं तर त्यालाही ऐकू आला नसता.

"आहे का? तुम्हाला दिसतोय?"

त्यानं डोळे ताणले. समोर राखाडी होतं. वर राखाडी, खाली राखाडी. मधे एक नारिंगी ठिपका.

मग त्याला ऐकू आलं. आधी काहीच नाही, आणि ते काहीच नाही फार मोठं होतं. पायांखालून, होडीच्या बुडाखालून पाणी मागे निघालं, शिंपल्यांना खरवडत, कोणी चादर ओढावी तसं. होडी ओल्या वाळूवर बसली. कोणीतरी "आई गं" म्हणालं. आणि उत्तरेचा दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम फुटला. दार आपटावं तसा आवाज. पाठोपाठ दुसरा. तिसरा. फेस होडीच्या टोकावरून आत आला आणि फिर्मीनूच्या तोंडात गेला.

आत्ता ते तिथे असते. बरोबर तिथे. सहा जण.

ट्रॅक्टरवाल्यानं क्रूसाची खूण केली.

"अक्षरं," बेल्मीरू शेवटी हळूच म्हणाला, फक्त तिला ऐकू जाईल असं. "कार्निव्हलपासून मोठी केलीस."

"खडू जाड मिळाला," लिओनिल्द म्हणाली.

तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता. पण हे खोटं होतं, आणि उलटं कसं वाचायचं ते त्याला येत होतं.

शेरा :

होडी दक्षिणेला नेली. लिओनिल्द आधी पाण्यात शिरली. फळीवर पालथी पडून, हातांनी पाणी कापत. नारिंगी जाकीट राखाडीत पुढे सरकत गेलं. बेल्मीरूनं सुकाणू धरलं आणि त्या नारिंगीवर नजर ठेवली. तेवढं दिसत होतं. तेवढं पुरे होतं.

फक्त खलाशांना संशय यायला नको होता. तांडेल पोरीच्या मागून मागून जातोय, असं दिसायला नको होतं. म्हणून मोटर सुरू होताच त्यानं घसा मोकळा केला.

"ए फळकूट! हट वाटेतून! तुझ्या बापाचा समुद्र आहे का? पुन्हा मधे येते! हट म्हणतो ना! वाळूचं पोतं! वल्हं खाल्लंस माझं, आता होडी खाणार? हट!"

ती हटत नव्हती. एक लाट आली, होडीनं टोक उचललं, उतरली. खाली खोल पाणी होतं. हाताखालच्या सुकाणूतून त्याला ते कळलं. मागे रापणीचा दोर सुटत होता. शिव्या संपत आल्या तशा त्यानं पहिल्यापासून सुरू केल्या.

दुसरा दांडा जवळ आला तेव्हा नारिंगी ठिपका फेसात क्षणभर हरवला. बेल्मीरूचा आवाज अडखळला.

मागून फिर्मीनू खोकला. मोटरवरची नजर न काढता, अगदी सहज, हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं म्हणाला,

"तांडेल, शिव्या जरा डावीकडे द्या. पोरगी तिकडे वळलीय."