मोरीपलीकडचा तलाव

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मोरीच्या मागे एक पोहण्याचा तलाव निघाला. दार उघडलं तर पुढे निळं पाणी आणि काठावर पांढऱ्या आरामखुर्च्या. मिरजेतला आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा, तोही दुसऱ्या मजल्यावर. मी दार लावून घेतलं आणि कुमुदमावशीला सांगितलं.

"तुझ्या आईचीच कामं," मावशी म्हणाली. "घरातला नळ वर्षभर गळतोय, आणि हिची नजर बंगल्यांवर."

ते खरं होतं. दुपारची जेवणं झाली की आई टीव्हीवर तो कार्यक्रम लावायची. उंच टाचांच्या एजंट बायका श्रीमंतांना घरं दाखवायच्या आणि एकमेकींची गिऱ्हाइकं पळवायच्या. आई एकीवरही विश्वास ठेवायची नाही, पण घर मात्र नीट तपासायची. "एवढ्याशा ओट्यावर पोळ्या कुठे लाटायच्या?" विचारायची. आणि शेवटी, घर कुठलंही असो, "ही मधली भिंत पाडली तर उजेड येईल." मीही शेजारी बसायचे. त्या घरांत कधी कोणी आजारी पडलेलं नसायचं. तिच्या आजारपणात आम्हा दोघींना तेवढं पुरत होतं.

आईने जीव सोडला त्या कोपऱ्यात रीतीप्रमाणे पीठ पसरून दिवा ठेवला होता, वर टोपली पालथी घातली होती. गेलेलं माणूस ज्या जन्माला जातं त्याचं पाऊल पिठात उमटतं, असं म्हणतात. मावशीने टोपली उचलली. पिठात एक लांबट त्रिकोण होता आणि त्याच्या मागे एक टिंब.

"चिमणी नाही, गाय नाही," ती म्हणाली. "हे कसलं गं पाऊल?"

मी ओळखलं. उंच टाचेची सँडल. आईने जन्मभर रबरी चपला घातल्या होत्या. माझा संशय टीव्हीवरच्या त्या एजंट बायकांवर गेला.

दुपारी त्यांच्यातली एक, तनाझ, मोरीच्या दारातून आत आली. मी आधी तिच्या पायांकडे पाहिलं. ती अनवाणी होती.

"तुमच्या सँडल?"

"गिऱ्हाइकाला आवडल्या. देऊन टाकल्या."

"कोण गिऱ्हाईक?"

"नाव सांगायची पद्धत नाही आमच्यात, ताई."

ती घर आवरू लागली. आईचा फोटो उतरवला, औषधांच्या बाटल्या काढल्या, चष्मा काढला. एकेक वस्तू गेली तशी खोली लांबत गेली. मावशी पलीकडच्या भिंतीशी बसली होती, ती भिंतीसोबत दूर गेली. "अगं, चहा तरी टाक," एवढं तिचं ऐकू आलं, मग तेही नाही.

"घरात राहणाऱ्यांची एकही खूण दिसता कामा नये," तनाझ म्हणाली. "बघायला येणाऱ्याला वाटलं पाहिजे, हे आपलंच."

"माझी आई येणार आहे का?"

"घर पसंत पडलं तर ती इथेच राहील. कोणी ओळख दाखवली तर उठून जाईल. असं गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही."

"दिवा राहू दे."

"राहू दे. सुगंधी मेणबत्ती म्हणून खपेल."

मग तिने माझे खांदे धरून मला खोलीच्या मध्ये भिंतीसारखं उभं केलं. "हलू नका," म्हणाली.

आई आली. तिची चॉकलेटी सुती साडी होती आणि पायांत त्या सँडल. गुडघे दुखत नव्हते. कोपऱ्यातल्या पिठात तिने सहज पाऊल ठेवलं, ते ठशात बरोबर बसलं. मग ती ओट्यापाशी गेली.

"पोळ्या कुठे लाटायच्या?"

ती जागा मला माहीत होती.

"आधी कोण राहायचं इथे?"

"कोणीच नाही, मॅडम. नवं कोरं आहे."

आईने तिच्याकडे टीव्हीकडे बघावं तसं बघितलं. मग सगळीकडे नजर फिरवत माझ्यापाशी आली. इतकी जवळ, की खोबरेल तेलाचा वास आला. तिने बोट मुडपून माझ्या छातीवर टकटक केलं, कान लावला, पुन्हा टकटक केलं.

"आतून पोकळ आहे," ती तनाझला म्हणाली. "ही पाडली तर उजेड येईल."

आणि तिने पदर कमरेला खोचला.