वर्ष होऊ द्या

“भरपाईच्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत असते, बाई! वर्ष घालवलंत तुम्ही!” देवराव वकिलांनी चष्मा टेबलावर आपटला.

माझी धाकटी बहीण कौसल्या तिच्या सासऱ्यांकडे, रामाजींकडे पाहू लागली. माझंच डोकं फिरलं. “सांगा ना मामाजी, काहून थांबलो ते! घ्या त्या चंपतरावाचं नाव!”

बहात्तरच्या उन्हाळ्यात लकडगंजात सेठच्या लाकूड कापायच्या आरामशिनीवर ओंडके उतरवताना कौसल्याचा नवरा लहानू त्याच सेठच्या ट्रकखाली गेला. तेरवीला सेठचा मुनीम चंपतराव आला आणि रामाजींच्या मांडीला मांडी लावून बसला. “वर्षश्राद्ध होऊ द्या गा रामाजी. दुखवट्याच्या घरानं कोर्टाची पायरी चढू नये. मंग सेठ सोताच भरपाई आणून देते.”

रामाजींना पटलं. त्यांच्या घरात वर्षभर तळणाची कढई चढली नाही, तिथं कोर्ट कसलं चढतात! मी म्हटलं, “लेकरायचं पोट थांबते का वर्षभर?” तर मीच तोंडाळ ठरले. वर्षश्राद्धाला चंपतराव आला, वडे हाणले, ढेकर दिला. दुसऱ्या दिवशी रामाजी सेठच्या फाटकावर गेले तर हा म्हणतो कसा, “कायची भरपाई?”

वकील म्हणाले, उशिराचं कारण पटलं तर कोर्ट ऐकेल. रामाजी पिंजऱ्यात उभे राहिले. “साहेब, म्याच अडवलं. सुनेची चूक नाही. या मुनीमानं सांगतलं, मले खरं वाटलं.”

चंपतरावानं शपथेवर सांगितलं, “मी असं बोललोच नाही.”

“लाज वाटते का गा? माह्या लेकाच्या श्राद्धाचं जेवला ना तू!” रामाजी ओरडले. शिपायानं त्यांना दंडाला धरून खाली बसवलं.

अर्ज फेटाळला. मुनीम तसं बोलल्याचा पुरावा नाही, आणि कायदा ठाऊक नव्हता हे कारण होत नाही म्हणे. आग लागो त्या कायद्याला! मुदत सेठला ठाऊक, मुनीमाला ठाऊक. जिचा माणूस मेला तिलाच तेवढी ठाऊक नाही!

आता कौसल्या सेठच्या फाटकासमोरच्या दुसऱ्या आरामशिनीवर लाकडाच्या साली सोलते.

“दुसरीकडं काम पाहून देतो वं,” माझा नवरा तिला म्हणाला.

“काहून? इथंच बरं हाय.”

सकाळी चंपतराव सायकलवरून आला की बाकीच्या बाया डोक्यावर पदर ओढतात. कौसल्या हातातली साल खाली ठेवते, सरळ उभी राहते आणि तो आत जाईस्तोवर त्याच्याकडे पाहत राहते.